पॅरिसचं पदक करगणीला आलं, पण तालुक्याच्या मैदानात दिव्यांगांचा रकानाच नाही

४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतलं. सोनं अवघ्या सहा सेंटिमीटरनं हुकलं, कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट १६.३८ वर गेला होता. आपल्या भागातल्या एकूण एक व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो फिरला. अभिमान वाटलाच पाहिजे. पण अभिमान वाटून झाला असेल तर एक हिशेब बघूया.

खिलारी नऊ वर्षांचे असताना सायकलवरून पडले आणि डावा हात कायमचा अधू झाला. पॅरा खेळाकडे ते वळले २०१५ च्या सुमारास, म्हणजे पंचविशी गाठल्यावर. मधली पंधरा-सोळा वर्षं कुठं गेली? शाळा होती, मैदान होतं, गोळाही असेल. पण हात अधू असलेल्या पोरानं कुठल्या गटात नाव द्यायचं हे सांगणारी व्यवस्था गावात नव्हती, तालुक्यालाही नव्हती. माझ्या मते आजही ती नाही.

शालेय मैदानी स्पर्धांचा प्रवेश अर्ज बघा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुले आणि मुली. धावणे, उड्या, फेकी. बस्स. बातमीसाठी मी जेवढी तालुक्याची मैदानं बघितली, त्यात दिव्यांग पोरगं दिसलं तर ते दोरीच्या बाहेर, टाळ्या वाजवताना किंवा पाण्याचा जार सांभाळताना. कुणी मुद्दाम हाकललंय असं नाही. त्याच्या नावाला रकानाच नाही, मग पीटीचे सर तरी नाव लिहिणार कुठं?

दिव्यांगांच्या वेगळ्या स्पर्धा होतात, हे खरं. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास जिल्ह्याच्या ठिकाणी मैदान भरतं. चांगलं काम आहे. पण तिथं मुख्यत्वे विशेष शाळांची मुलं येतात. आपल्या वाडी-वस्तीवरची बरीच दिव्यांग पोरं साध्या जिल्हा परिषदेच्या किंवा हायस्कूलच्या वर्गात बसतात. विशेष शाळेच्या यादीत ती नाहीत आणि तालुक्याच्या मैदानातही नाहीत. इकडची ना तिकडची. शिवाय आटपाडी किंवा जतच्या टोकाच्या गावातून सांगलीला जायचं म्हणजे दिवस मोडतो. आई नाहीतर बाप रोजगार बुडवून सोबत पाहिजे. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, पण गाडीच्या पायऱ्या तेवढ्याच उंच आहेत.

आपण म्हणतो, अशी पोरं असतात किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्या वेळी आठच प्रकार मोजले होते. २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले. देशातले शंभरातले जवळपास सत्तर दिव्यांग खेड्यात राहतात. म्हणजे पोरं आहेत, फक्त मैदानावर नाहीत.

आता मूळ अडचणीकडे येऊ. लोक विचारतात, एक हात नसलेला आणि दोन्ही हात असलेला, यांची स्पर्धा लावायची तरी कशी? हे कोडं आपल्याला अवघड वाटायचं काही कारण नाही. जत्रेत कुस्ती लावताना पंच काय करतो? जोड बघतो. तालमीतल्या नव्या पोराला नावाजलेल्या मल्लासमोर कोणी उभं करत नाही. बैलगाडा शर्यतीत आदत वेगळं, दुसा वेगळा, ओपन वेगळं. (पोरांची तुलना बैलाशी केली म्हणून कुणी रागावू नका. मुद्दा एवढाच की जनावरासाठी आपण एवढा विचार करतो.)

पॅरा ॲथलेटिक्समध्ये हेच काम वर्गीकरण करतं. टी म्हणजे पळणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकी. ११ ते १३ नजरेचे, २० बौद्धिक, तीसच्या घरातले मेंदू-स्नायूंच्या त्रासाचे, ४० आणि ४१ ठेंगण्या उंचीचे, पुढचे हातापायाचे, आणि पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे. खिलारी एफ ४६ मध्ये खेळतात. या वर्गात पुरुषांचा गोळा ६ किलोचा असतो, एरवीचा ७.२६ किलोचा. आणि एक गैरसमज काढून टाका. सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावरचे ४० टक्के किंवा ६० टक्के म्हणजे खेळाचा वर्ग नव्हे. ते टक्के योजनांसाठी. खेळाचा वर्ग वेगळे तज्ज्ञ ठरवतात, त्या खेळापुरता.

एवढे वर्ग तालुक्याला परवडणार नाहीत, हे कबूल. एका वर्गात तीन पोरंही जमायची नाहीत. एकटाच पळाला आणि पहिला आला, त्यात त्यालाही गोडी नाही. इथं स्पेशल ऑलिंपिकची पद्धत कामाला येते. बौद्धिक दिव्यांगांच्या या स्पर्धांमध्ये आधी चाचणी घेतात आणि जवळजवळच्या वेळेची पोरं एका गटात टाकतात. गटातल्या पहिल्या आणि शेवटच्यात साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असा ठोकताळा. समजा सकाळी १०० मीटरला पाच पोरं पळाली, वेळा १८, १९, २०, २६ आणि २८ सेकंद. पहिली तिघं एका गटात, मागची दोघं दुसऱ्या गटात. दुपारी अंतिम फेरी. कुणाला काय अपंगत्व आहे याची चिकित्सा नाही, डॉक्टर नाही. एक स्टॉपवॉच आणि एक वही. सकाळी मुद्दाम हळू पळून दुपारी सुसाट सुटणाऱ्यांचाही बंदोबस्त त्यांच्या नियमात आहे. चाचणीपेक्षा अंतिम फेरीत कामगिरी फारच सुधारली तर बाद करता येतं. आपल्या पंचांना हे डोकं पुरेपूर आहे.

काही सोयी तर फुकटच्या आहेत. ऐकू न येणाऱ्या पोराला वेगळ्या शर्यतीची गरजच नाही, तो सगळ्यांबरोबर पळतो. तो मागं पडतो ते सुरुवातीला. शिट्टी ऐकून बाकीचे सुटतात, हा त्यांना बघून सुटतो. शिट्टीबरोबर हातातलं निशाण खाली आणा, प्रश्न मिटला. अंध धावपटूबरोबर वाटाड्या पळतो, दोघांच्या हातात एक आखूड दोरी. दोघांना मिळून दोन लेन लागतात आणि रेषा धावपटूनं आधी ओलांडायची, वाटाड्यानं नाही, नाहीतर बाद. पॅरिसमध्ये सिमरन शर्मानं २०० मीटरचं कांस्य असंच आणलं, वाटाड्या अभय सिंग यांच्यासोबत. आपल्याकडे दहावीतल्या एखाद्या चांगल्या पळणाऱ्या पोराला महिनाभर सोबत सराव करायला लावा, वाटाड्या तयार. मग त्या पोराचंही नाव निकालात लिहा.

पायानं अधू पोरांसाठी पळण्यापेक्षा बसून फेकी बऱ्या, कारण आपल्या मैदानात व्हीलचेअर रुतते. बसून फेकायला लोखंडी स्टूल लागतं, उंची गादी धरून ७५ सेंटिमीटरच्या आत. ते हलू नये म्हणून जमिनीत खुंट्या ठोकून पट्ट्यानं आवळतात. गावातला वेल्डिंगवाला एका दिवसात करून देईल असं काम आहे.

आक्षेप येणारच. क्रीडा शिक्षक म्हणतात, आधीच एका दिवसात एवढे प्रकार उरकायचे, त्यात हे आणखी. बरोबर आहे, त्यांच्यावर ताण आहे. पण १०० मीटर, गोळाफेक आणि लांब उडी एवढंच धरलं तरी सुरुवात होते. दुसरा आक्षेप बोगसपणाचा. क्रीडा प्रमाणपत्रावर नोकरीत ५ टक्के आरक्षण, शाळेत सवलतीचे गुण, त्यामुळं खोटे खेळाडू आणि खोटे दिव्यांग दोन्ही घुसतील. ही भीती खोटी नाही. मला वाटतं, पहिली दोन वर्षं या गटांच्या प्रमाणपत्राला गुण जोडूच नयेत. फक्त वेळ आणि अंतर नोंदवायचं आणि यादी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पाठवायची. काहींना हे अन्यायाचं वाटेल, धडधाकट पोरांना गुण आणि यांना का नाही? विचार करण्यासारखं आहे. पण आधी दार तर उघडू दे.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. लोक हसतील. पॅरिसमध्ये ठेंगण्या उंचीच्या नवदीप सिंगनं भाला ४७.३२ मीटर फेकला आणि सुवर्ण घेतलं, तेव्हा कोण हसलं? तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावच्या मजुराच्या पोरीला, दीप्ती जीवनजीला, गाव नावं ठेवायचं. तिनं पॅरिसला ४०० मीटरचं कांस्य आणलं, टी २० गटात. ती सापडली कुठं? साध्याच शालेय मैदानावर. राजस्थानच्या चुरू जिल्ह्यातला देवेंद्र झाझरिया, झाडावर चढताना विजेचा धक्का बसून हात गेलेला, १९९७ मध्ये शाळेच्याच स्पर्धेत प्रशिक्षक आर. डी. सिंग यांच्या नजरेत भरला. २००४ ला अथेन्स आणि २०१६ ला रिओ, दोन्हीकडे भालाफेकीचं सुवर्ण. आज तो भारतीय पॅरालिम्पिक समितीचा अध्यक्ष आहे. या दोघांना शाळेच्या मैदानात उतरू दिलं नसतं तर प्रशिक्षकाला ते दिसले असते का?

आणि आपला जिल्हा तर या बाबतीत सगळ्यात जुना. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला जर्मनीत हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेतलं. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते. त्यांना लष्करानं उभं केलं. आपल्या पोरांना उभं करणारं कोण?

कायदा बाजूनं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी असं लिहिलंय, आणि कलम ३० मध्ये क्रीडा यंत्रणांनी आपल्या योजनांत त्यांना सामावून घ्यावं असं. पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. बऱ्याच गावांत ते वर्षाअखेर घाईनं वाटून टाकतात. त्यातून स्पर्धेच्या दिवशीची गाडी आणि ते एक स्टूल बसतं का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. ठराव झाला तर ग्रामसेवकांना उत्तर द्यावं लागेल.

अर्जातला रकाना वरून बदलायला वेळ लागेल. जत्रा कमिटी आणि मंडळांना तर कुणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. यात्रेतल्या, शिवजयंतीच्या धावण्याच्या शर्यती त्यांच्याच हातात आहेत. बक्षिसाच्या पत्रकावर खुला गट, महिला गट, शालेय गट छापतोच आपण. खाली अजून एक ओळ मावते. शाळेनं गावातल्या दिव्यांग मुलांची यादी काढून महिनाभर आधी त्यांच्या घरी जाऊन सांगायला मात्र पाहिजे, कारण पत्रक वाचून ती पोरं आपणहून येणार नाहीत. त्यांना आजवर कुणी बोलावलेलंच नाही.