टाकी गळते, विष झिरपते

‘ई-सिगारेटची टाकी गळते, उपाय सांगा,’ असे तरुण मंडळी मला विचारतात. झिजलेली रबरी रिंग, सैल कॉइल किंवा काठोकाठ भरलेला द्रव, ही नेहमीची कारणे. पण माझ्या मते प्रश्न गळतीचा नाही, गळणाऱ्या वस्तूचा आहे. त्या द्रवात बहुधा निकोटीन असते. ते कातडीतूनही अंगात भिनते. मळमळ, घेरी, धडधड सुरू होते. लहान मुलाच्या पोटात थोडे गेले तरी जिवावर बेतू शकते. हाताला लागल्यास साबणाने धुवावे; पोटात गेल्यास उलटी न करवता तडक रुग्णालय गाठावे. भारतात २०१९ च्या कायद्याने हिची विक्री व साठवण बंद आहे. तेव्हा रिंग बदलू नका, सवय बदला.