उकिरड्यांतील प्लॅस्टिक

म्हसा येथील यात्रेंत बैल पारखतांना आम्हीं पूर्वीं दांत, खूर व खांदा पाहत असूं. हल्लीं आणखी एक गोष्ट विचारावी लागते: जनावर उकिरड्यावर चरलेलें तर नाहीं ना?

खरकटें पिशवींत बांधून फेकलें कीं गाय गांठ सोडीत बसत नाहीं, पिशवीसकट गिळते. कोठीपोटांतील प्लॅस्टिक रवंथानें झिजत नाहीं. त्याचा गोळा सांचत जातो. पोट भरलेलें दिसतें आणि जनावर मात्र वाळतें. आमच्या शेजारीं एका दुभत्या गायीचें दूध असेंच आटलें. घरच्यांनीं दृष्ट उतरविली. शेवटीं पशुवैद्यांनीं पोट उघडलें, तों पिशव्या व सुतळी यांचा भला मोठा गुंडाळा निघाला. गाय वांचली नाहीं.

हें डोळ्यांस दिसणारें झालें. पांच मिलिमीटरहून बारीक कणांपैकीं पुष्कळसे दिसतही नाहींत. शहापूर-मुरबाडकडे भातानंतर भाजीपाल्याच्या वाफ्यांवर मल्चिंगचा कागद अंथरतात. नांव कागद, वस्तु प्लॅस्टिक! तण व ओल यांस त्याचा उपयोग होतो, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु पीक निघाल्यावर फाटक्या कागदावरूनच ट्रॅक्टर फिरतो, आणि उरलेला कागद शेणपाल्याबरोबर राबांत जळतो. त्याचा विषारी धूर भाजणाराच्याच छातींत जातो, व वितळलेले गोळे रोपांच्या मुळाशीं राहतात.

नेदर्लंड्समध्यें २०२२ सालीं एका चांचणींत दुधाच्या २५ नमुन्यांपैकीं १८ मध्यें हे कण आढळले. २०२४ सालीं इटलींतील डॉक्टरांनीं मानेच्या रक्तवाहिनींतून काढलेले चरबीचे थर तपासले. ज्यांच्या थरांत कण होते, त्या रोग्यांस हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यु यांचा धोका सुमारें साडेचार पट दिसून आला. कणांमुळेंच तसें झालें, हें अद्याप सिद्ध नाहीं. पण सिद्ध होईपर्यंत मुलांस तसलें दूध पाजीत राहावें काय?

सरकारनें २०१८ सालीं पिशव्यांवर बंदी घातली. सरकारी हुकूम गांवच्या वेशीपर्यंत कसा पोंचतो, हें कचेरींत जन्म काढल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे. माळशेजास पावसाळ्यांत येणारे लोक कचरा टाकून जातात, ही तक्रारही खरी. परंतु आपल्या उकिरड्यांत पिशवी टाकावयास मुंबईहून कोणी येत नाहीं.

मल्चिंगचा कागद जरा जाड घ्यावा, म्हणजे तो अखंड उचलतां येतो, व पीक निघतांच उचलावा. खरकटें गुरांस घमेल्यांतच घालावें. खत शेतांत नेण्यापूर्वीं उकिरडा निवडावा. आम्हीं यंदा चैत्रांत आमचा निवडला. अर्धी गोण प्लॅस्टिक निघालें. सभासदांनीं आपापला निवडून पाहावा, व किती निघालें तें संपादकांस कळवावें.