यती आणि वाक्य

छंदःशास्त्र आणि व्याकरण यांची आपल्या विद्यापीठांत फार पूर्वीच वाटणी झाली आहे. छंद साहित्याच्या वर्गात शिकविला जातो, वाक्यविचार भाषाविज्ञानाच्या वर्गात. या वाटणीत एक महत्त्वाची गोष्ट कोणाच्याच वाट्याला आली नाही. ती म्हणजे वाक्य उच्चारताना घेतला जाणारा विराम. ही उणीव किरकोळ नव्हे, असे माझे मत आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘पांढऱ्या फुलांची माळ’ आणि ‘पांढरी फुलांची माळ’ यांतील भेद विशेषणाच्या रूपानेच कळतो. परंतु ‘लाल फुलांची माळ’ या पदसमूहात फुले लाल की माळ लाल, हे रूप सांगत नाही, कारण ‘लाल’ हे विशेषण विकार पावत नाही. ‘लाल’नंतर क्षणभर थांबले की ते माळेचे विशेषण ठरते. तेव्हा विभक्ती जिथे मौन पाळते तिथे विराम व्याकरणाचे काम करतो. हिंदीतही हीच स्थिती आहे. बंगालीत तर विशेषणे लिंगवचनानुसार बदलत नाहीत, त्यामुळे तेथे विरामावरील भार अधिक.

या दृष्टीने आपल्या छंदांकडे पाहिले पाहिजे. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ‘ज्ञानेश्वरी’ची ओवी पाहा. यमकाने बांधलेले तीन चरण आणि त्यांहून आखूड, यमकमुक्त चौथा चरण, अशी तिची घडण. अक्षरसंख्येचे बंधन सैल असल्यामुळे चरण पदसमूहाच्या लांबीप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावतो. मराठी वाक्याची स्वाभाविक ओढ शेवटाकडे असते आणि अर्थ पुरा करणारे पद, कित्येकदा क्रियापदच, त्या चौथ्या चरणात येऊन विसावते. ओवी ही मराठी वाक्याच्या चालीतूनच घडली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

याउलट मोरोपंतांच्या ‘केकावली’चे पृथ्वी वृत्त. सतरा अक्षरे, आठव्यावर यती, प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले. बोलण्यात ‘घर’ हा एकच जोरकस अवयव असतो, वृत्तात मात्र त्याचे दोन लघू मोजावे लागतात. अशा चौकटीत पदे बसविण्यासाठी समासांचा आश्रय आणि पदक्रमाची उलथापालथ ओघानेच येते. हा कवीच्या शक्तीचा दोष नव्हे. पंतांनी त्या तणावातूनच आपली शैली घडविली. पण ती शैली समजून घ्यावयाची तर केवळ गण मोजून भागत नाही.

छंद हा वाक्यावर चढविलेला अलंकार आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. वस्तुतः आपल्या पोथ्यांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. मराठीत ती रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर कँडी यांना दिले जाते. त्यापूर्वी वाचकाला वाक्य कोठे तुटते हे सांगण्याचे पुष्कळसे काम चरण, यमक आणि दंड हेच करीत. अलंकार काढून ठेवता येतो. हे साधन काढले तर वाक्यच विस्कटते.

म्हणूनच ओव्यांचे सलग गद्यात भाषांतर करून त्यावर ‘भारतीय साहित्य’ शिकविण्याची प्रथा मला सदोष वाटते. अशा भाषांतरात आशय पोहोचतो, परंतु विचार कोणत्या क्रमाने आणि कोठे थांबत उलगडला, हे हरवते. निदान चरणांच्या ओळी तरी राखाव्यात, आणि छंदाच्या तासाला व्याकरणाच्या अध्यापकाला बोलवावे. एवढ्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही.