सोवळ्याच्या घरातील माउली

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातला. वडील इतके कडक सोवळ्याचे की बाजारातून आलेले मीठही धुऊन घेत! आहारशुद्धी पाळणाऱ्या आपल्या घरांना बाईंची पुढची घालमेल निराळी सांगावयास नको. १८९५ मध्ये पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. लहानग्या दत्तूला घेऊन बाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी विटाळाची कल्पना एका दिवसात सुटली नाही. स्वतःच्या मनाशी झगडूनच ती त्यांनी टाकली, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या संसारात मग अनाथ मुलांनाही थारा मिळाला. मिळकत तुटपुंजी, पती हाती आलेला पैसा वाटून टाकणारे. जमाखर्चाची तोंडमिळवणी बाईंकडे. ही चणचण त्यांनी 'स्मृतिचित्रे'त हसतहसत सांगितली आहे. शालेय शिक्षण जवळजवळ नाही, तरी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेले. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. आठवणी लिहिण्यास त्यांना उद्युक्त केले ते त्याच दत्तूने, देवदत्त यांनी; नातू अशोक यांनी पुढे त्या ग्रंथाची आवृत्ती साक्षेपाने संपादिली.