समुद्राला लागून खोली

पुण्या-मुंबईकडील सुशिक्षित मंडळींत हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर अर्थशास्त्रातील एखादा नवा सिद्धांत मांडल्याचे समाधान विलसत असते. ते वाक्य असे : "रत्नागिरीस चार दिवस राहण्यापेक्षा थायलंड स्वस्त पडते." कोणी थायलंडाच्या जागी तुर्कस्तानचा किनारा घालतात, कोणी स्पेनचा. भूमध्य समुद्राच्या काठी सात रात्री, न्याहारीसुद्धा, अमुक इतक्यात. आणि आमच्या गणपतीपुळ्यास मात्र नाताळच्या सुटीत एका साध्या खोलीस तमुक इतके, असा आकडा ते कागदावर मांडून दाखवितात. हा हिशेब खोटाच असतो असे आम्ही म्हणत नाही; एखादे वेळी तो पैपर्यंत बरोबरही असेल. आमचे म्हणणे निराळे आहे. ज्या स्वस्ताईसाठी ही मंडळी गळा काढतात ती रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आजवर होती आणि अद्यापि थोडीफार आहे. ती जर नाहीशी होत असेल तर ती तक्रार करणाऱ्यांच्याच मागणीने होत आहे.

ही मागणी काय असते ती पाहावी. पहिली अट, खोली समुद्राला लागून हवी. खिडकी उघडली की लाट दिसली पाहिजे. दिसली नाही तर पैसे फुकट गेले. खोलीत थंड हवेचे यंत्र, चोवीस तास गरम पाणी, रात्री अकरा वाजता तळलेली सुरमई, आणि अंगणात पोहण्याचा हौद. एवढे सगळे मागून झाल्यावर दर मात्र धर्मशाळेचा असावा अशी अपेक्षा असते.

यांतील हौदाची गोष्ट तर विलक्षणच आहे. समोर अरबी समुद्र पसरलेला असता त्याच्यापासून शंभर पावलांवर गोड्या पाण्याचा हौद ज्याला लागतो, त्याने घर सोडून इतक्या लांब यावे तरी कशाला? वाचकांना ठाऊकच असेल की रत्नागिरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो सारा चार महिन्यांत पडतो, जांभ्या दगडातून झिरपतो आणि उतारावरून धावत समुद्रास मिळतो. एप्रिल-मे उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. नेमक्या त्याच मे महिन्यात आमचा पाहुणा येतो, खाऱ्या पाण्याने अंग चिकट झाले म्हणून दिवसातून तीनदा स्नान करतो, आणि हौदातील पाणी कालचेच आहे अशी तक्रार करतो. हे पाणी कोणाच्या तरी घागरीतून आलेले असते; पण पाहुण्याच्या हिशेबाच्या कागदावर घागरीचा रकाना नाही.

आता समुद्राला लागून असलेल्या खोलीकडे वळू. गुहागर, मुरूड, आंजर्ले, केळशी यांसारख्या गावांची मूळ रचना ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिली आहे, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. आधी समुद्र, मग पुळण. पुळणीच्या माथ्यावर केवडा, आणि अलीकडच्या काळात सुरूचे बन. त्याच्या आडोशाने नारळी-पोफळीच्या वाड्या. आणि वाडी ओलांडून आल्यावर, गावातल्या रस्त्याकडे तोंड करून, घर. ओटीवर बसले असता समुद्र दिसत नाही. रात्री निजानीज झाल्यावर त्याची गाज तेवढी ऐकू येते. कोळ्यांची वस्ती पाण्याजवळ असते खरी, पण ती होड्यांकरिता, देखाव्याकरिता नव्हे. ज्यांच्या दहा पिढ्या या समुद्राच्या संगतीत गेल्या त्या माणसांना लाटा पाहण्याची आवड नव्हती असे कोणी समजू नये. उधाणाची भरती, वावटळीतील रेती आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणारी कडी-कोयंडे यांचा त्यांना अनुभव होता. प्रत्यक्ष ब्रह्मदेशाच्या राजाची गोष्ट घ्या. थिबा राजास इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले, आणि १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. सरकारी खर्चाने इतका दीर्घ समुद्रवास दुसऱ्या कोणास घडला नसेल! परंतु १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी जो राजवाडा तयार झाला तो वाळूत नव्हे, भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या उंचवट्यावर. राजाला जे लाभले नाही ते आमच्या पाहुण्याला दोन रात्रींपुरते पाहिजे असते.

वाडवडिलांचा हा संकेत पुढे कायद्याने स्वीकारला. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा-नियमनाची अधिसूचना काढली, आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बंधनाखाली आणून खेड्यापाड्यांत पहिले २०० मीटर बांधकामापासून मोकळे ठेवण्यास सांगितले. २०११ मध्ये ती अधिसूचना नव्याने निघाली. २०१९ मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा ज्या ग्रामीण भागात दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक वस्ती आहे तेथे हे अंतर ५० मीटरांवर आणले गेले. तीन अधिसूचनांचा हा प्रवास कोणत्या दिशेने झाला हे सांगण्यास ज्योतिषी नको. कायदा मागे सरकला तो पुष्कळ अंशी लाटेजवळ जागा मागणाऱ्यांसाठी सरकला, आणि खिडकीतून लाट पाहिजे म्हणणारा आमचा मध्यमवर्गीय कारकून, प्राध्यापक किंवा बँकेतील अधिकारी हा त्या मागणीचा शेवटचा धनी आहे. स्वतः त्याने एक वीटही रचलेली नसते. मात्र वीट रचणाऱ्याला गिऱ्हाईक तोच पुरवितो.

आणि येथेच त्याच्या स्वस्ताईचा घात होतो. पुळणीला लागून असलेली जमीन ही थोडी आणि मोजकी. तिला मागणी वाढली की बाहेरचा धनिक येतो, वाडी विकत घेतो, माड तोडतो आणि दोन मजले चढवितो. त्याने जमिनीत ओतलेला पैसा खोलीच्या भाड्यातून वसूल व्हावयाचा असतो. तेव्हा ती खोली स्वस्त राहीलच कशी? शेजारचा घरमालक हे पाहतो. पडवीत दोन खाटा टाकून पाहुणे उतरविणाऱ्या या गृहस्थाला एके दिवशी सांगण्यात येते की तुझी वाडी तुझ्या दहा वर्षांच्या कमाईहून अधिक मोलाची आहे. तो ती विकून मोकळा होतो. गावातील स्वस्त बिऱ्हाड असे एकेक करून मिटते, आणि मग पुण्यास परतलेला पाहुणा म्हणतो, कोकण महाग झाले.

ज्या भूमध्य समुद्राचे दाखले आम्हांला देण्यात येतात तेथे या वाटेवर लोक आमच्या पुष्कळ आधी चालून गेलेले आहेत. स्पेनमधील बेनिडोर्म हे एकेकाळी मासेमारांचे गाव. आज ते स्वस्त सुटीच्या प्रवाशांसाठी उभारलेल्या उत्तुंग इमारतींकरिता प्रसिद्ध आहे. हे पाहून तिकडचे शहाणे झाले नाहीत असे नाही. फ्रान्सने १९८६ साली कायदा करून वस्तीबाहेरच्या किनाऱ्यावर पहिल्या १०० मीटरांत नवे बांधकाम मना केले; स्पेनने १९८८ साली आपला किनारा-कायदा केला. तरीही आल्मेरिया प्रांतात, काबो दे गाता या राखीव निसर्गप्रदेशात, अल्गारोबिको नावाच्या पुळणीवर चारशेहून अधिक खोल्यांचे हॉटेल उभे राहिले, आणि २००६ मध्ये न्यायालयाने काम थांबविल्यावर त्याचा पांढरा सांगाडा वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला. २०२४ च्या जुलैत बार्सिलोनाच्या रहिवाशांनी रस्त्यावर येऊन प्रवाशांच्या अंगावर पिचकाऱ्यांनी पाणी उडविले. घरभाडी आपल्या आवाक्याबाहेर गेली ही त्यांची तक्रार होती. सात रात्रींच्या स्वस्त हिशेबात जी रक्कम धरलेली नसते ती हीच. ती तेथील भाडेकरूने भरलेली असते.

यावर आम्हांला ठरावीक उत्तर मिळते, की कोकणी माणसाला धंदाच करता येत नाही. दुपारी दोन वाजता गेले तर "जेवण संपले" म्हणतो. चहा मागितला तर "बसा, करतो" म्हणून अर्धा तास लावतो. 'व्यक्ति आणि वल्ली' मधील अंतू बर्वा वाचून आलेले काही पाहुणे तर यजमानाने दोन तिरकस वाक्ये भाड्यातच द्यावीत अशीही अपेक्षा करतात! परंतु 'जेवण संपले' याचा अर्थ तरी समजून घ्यावा. घरगुती खानावळीत जितकी पाने सांगितली तितक्यांचा तांदूळ वैरला जातो. त्या घरी स्वयंपाक करणारी बाई ही कोणाची चाकर नसते. ती त्या घरची सून किंवा सासू असते, पहाटे उठून पाणी भरते, वाडीचे शिंपणे पाहते आणि मग चुलीकडे वळते. सकाळी नऊ वाजता येऊन दुपारसाठी चाळीस मोदकांची फर्माईश करणाऱ्याला, तांदळाची उकड काढणे, नारळ खवणणे आणि एकेका मोदकाला कळ्या पाडणे यांस किती हात आणि किती वेळ लागतो याची कल्पना नसते. असेल तर तो मोदकाच्या भावावरून घासाघीस करणार नाही. मौज ही की हाच गृहस्थ येताना वाटेतील पथकर निमूटपणे भरतो, पेट्रोल भरतो, शहरातील दुकानात एका पेल्यास शेकडो रुपये देऊन कॉफी पितो. त्याची काटकसर जागी होते ती नेमकी या शेवटच्या दारात.

या दाराला आज त्या पैशाची किती निकड आहे? ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत नारळी-पोफळीची आगरेच्या आगरे आडवी झाली. नवा माड धरावयास निदान सहा-सात वर्षे, पोफळीलाही त्याहून फार कमी नाहीत. मधल्या काळात कित्येक घरांचा आधार पडवीतील त्या दोन खाटांचाच होता.

याउलट वेळासचे उदाहरण पाहा. मंडणगड तालुक्यातील हे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साह्याने ही अंडी राखली, आणि पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास माणसे येऊ लागली. ती उतरतात कोठे? गावकऱ्यांच्याच घरी. समुद्राला लागून खोली तेथे नाही, आणि असती तर कासवेही राहिली नसती. कारण अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या रोखाने धावते, आणि किनाऱ्यावर खिडक्या उजळल्या की ते समुद्राऐवजी भलतीकडे जाते. खिडकीतून लाट पाहण्याचा हट्ट सोडल्यामुळे गावाला मिळकत झाली, पाहुण्याला परवडणारा निवारा मिळाला आणि कासवालाही वाट सापडली.

कोकणातील यजमान सगळे निर्दोष आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कौले उतरवून वर काँक्रीट ओतणारे, सांडपाणी खुशाल पऱ्यात सोडणारे, पुळणीवर दिव्यांच्या माळा आणि कर्णे लावणारे यजमान आम्ही पाहिले आहेत. चादरी न बदलता खोली देणाऱ्याला पाहुण्याने खडसावलेच पाहिजे. तथापि कोकणाचा कॅलिफोर्निया करण्याची घोषणा ऐकत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी पाहुण्याच्या पसंतीचा भलता अर्थ लावला, तर नवल ते काय?

बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाने मग बेत आखावा कसा? प्रथम खोलीचा विचार सोडून तिथीचा करावा. नाताळ आणि लागून आलेल्या सुट्या वगळून, कार्तिक ते माघ या दिवसांत आडवारी गेल्यास तेच घर निम्म्या गर्दीत मिळते आणि विहिरीला पाणी असते. शाळेच्या सुटीमुळे ज्यांना मे महिनाच मोकळा आहे त्यांनी गणपतीपुळ्याच्या देवळाभोवती गर्दी न करता मालगुंडास उतरावे. केशवसुतांचे जन्मस्थान तेथेच आहे, आणि पुळ्याचे देऊळ हाकेच्या अंतरावर. वाडीमागचे घर निवडावे. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत अशी घरे मिळतात. पुळणीपर्यंत दहा मिनिटे चालावे लागेल, तेवढे चालावे. भरती-ओहोटीच्या वेळा यजमानाला विचाराव्यात, आणि तो 'आज पाण्यात जाऊ नका' म्हणाला तर मुकाट्याने ऐकावे; दरवर्षी बुडणाऱ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये, कुळथाच्या पिठीवर आणि सोलकढीवर समाधान मानावे. आणि जो दर सांगितला असेल तो द्यावा.

एक किरकोळ बाब राहिली. अलीकडे कित्येक सुविद्य कुटुंबे एकाच शनिवारासाठी तीन घरांत खोल्या सांगून ठेवतात, आणि आयत्या वेळी ज्या घरातून समुद्र अधिक दिसेल असे वाटते तेथे उतरतात. उरलेल्या दोन घरांना साधा निरोपही जात नाही. तेथे रात्री भिजत घातलेले वाल आणि सकाळी बंदरावरील लिलावात घेतलेली मासळी यांचे पैसे कोणी द्यावयाचे, एवढे तरी या मंडळींनी त्या बायांना फोन करून सांगावे.