बशीतली पेशी आणि घरातला रुग्ण

‘कर्करोगाच्या पेशींना उपाशी मारणारे औषध सापडले’ अशा बातम्या अधूनमधून येतात आणि मोबाइलवरून चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतही पोहोचतात. खर्ऱ्यापायी तोंडाचा कर्करोग झालेल्याच्या घरी त्यांचा अर्थ असा लावला जाण्याची भीती असते : साखर बंद, भात बंद आणि ऑपरेशन जरा थांबून. म्हणून या प्रयोगांत नेमके काय मोजतात, ते समजून घ्यायला हवे.

कर्करोगाच्या अनेक पेशी ऑक्सिजन असतानाही साखर अर्धवट जाळतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकात दाखवले. साखर फोडण्याच्या प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. ते अडवणारे द्रव्य बशीत वाढवलेल्या पेशींना देतात आणि त्यांनी किती साखर घेतली, किती आम्ल सोडले, किती ऑक्सिजन वापरला हे मोजतात. आम्ल घटले तर साखर जाळणे मंदावले, एवढे कळते. पेशी मेली की नुसती वाढायची थांबली, हे वेगळे तपासावे लागते. शिवाय एक वाट बंद झाली की काही पेशी ग्लुटामिनसारख्या दुसऱ्या इंधनावर तग धरतात.

बशीतली परिस्थितीही शरीरासारखी नसते. पेशी वाढवण्याच्या एका नेहमीच्या द्रवात डेसिलिटरमागे ४५० मिलिग्रॅम साखर असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ती ७० ते १०० असते. बशीत साखरेवर चालणारा मेंदूही नसतो.

‘टू-डीजी’ हे द्रव्य साखर फोडण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्या अडवते. कर्करोगावर त्याचा अनेक दशके अभ्यास झाला, तरी ते त्या रोगाचे रुळलेले औषध झाले नाही. मे २०२१मध्ये भारतात त्याला आपत्कालीन मंजुरी मिळाली, ती कोविडसाठी. याउलट, एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात बिघडलेले विकर अडवणाऱ्या आयव्होसिडेनिबला अमेरिकेत २०१८मध्ये मान्यता मिळाली. पण रुग्णांवर चाचण्या झाल्यावर आणि ते विकर बिघडलेल्यांसाठीच.

जेवणातली साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही. यकृत रक्तातली साखर टिकवून धरते आणि त्यासाठी स्नायू झिजतात. तोंडाच्या कर्करोगात गिळणे आधीच अवघड असते. वजन आणखी घटले तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सोसणे कठीण जाते. मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याने पाळावे, पण पोटभर आणि प्रथिनयुक्त जेवावे.

या भागात तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण प्रयोगशाळेत शोधावे लागत नाही. खर्ऱ्यातली सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोगकारक आहेत. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियान २०१६पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करत आहे. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला तर तो लगेच द्यावा. नव्या औषधाची वाट पाहण्यात गेलेले महिने गाठीच्या पथ्यावर पडतात.