राखीव प्रत आहे. पण ती उघडते का?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेचे संकेतस्थळ असेल, तर संगणक शिकविणाऱ्या सरांना किंवा बाईंना एक प्रश्न विचारून पाहा. "आज रात्री आपल्या संकेतस्थळाचा सर्व्हर जळून गेला, तर उद्या सकाळी आपल्याजवळ काय उरेल?" बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, "बॅकअप आहे की!" मग दुसरा प्रश्न विचारा. "तो शेवटचा उघडून कोणी पाहिला, आणि केव्हा?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळेल. मला जे सांगावयाचे आहे, ते त्याच्याविषयीच आहे.

प्रथम हे पाहू, की जपावयाचे असते तरी काय? पडद्यावर दिसणारे पान म्हणजे संकेतस्थळाचा दर्शनी भाग. त्याचे रंग, चित्रे, मांडणी हे सारे बिघडले तर पुन्हा तयार करता येते. खरा ऐवज असतो तो मागच्या खोलीत, म्हणजे डेटाबेसमध्ये. सूचना, निकाल, ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, माजी विद्यार्थ्यांचे पत्ते ही सारी माहिती तेथे तक्त्यांच्या रूपाने साठविलेली असते. शाळेची भिंत पडली तर गवंडी ती पुन्हा बांधील. पण कपाटातले दप्तर जळाले तर ते कोणता गवंडी बांधून देणार? म्हणून डेटाबेसची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, नियमितपणे घ्यावा लागतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? डेटाबेस म्हणजे शेवटी काही फायलीच ना! त्या उचलून दुसरीकडे उतरवून ठेवल्या की झाले. येथेच पहिली मेख आहे. चालू डेटाबेस क्षणभरही स्वस्थ बसलेला नसतो. समजा, तुम्ही ग्रंथालयातून एक पुस्तक घेतले. डेटाबेसमध्ये दोन नोंदी व्हावयास हव्यात: पुस्तक बाहेर गेले ही एक, आणि ते तुमच्या नावावर चढले ही दुसरी. फायलींची नक्कल करावयास दहा मिनिटे लागत असतील, तर नकलेचा पहिला भाग दोन वाजताचा असतो आणि शेवटचा भाग दोन वाजून दहा मिनिटांचा. पुस्तक बाहेर गेले आहे, पण कोणाच्याच नावावर नाही, अशी अर्धवट स्थिती त्या नकलेत सहज शिरते. कधी तर अशी नक्कल डेटाबेसचा प्रोग्रॅम उघडावयासच नकार देतो.

यावर उपाय आहे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारख्या डेटाबेस-प्रणालींबरोबर नक्कल काढणारा खास प्रोग्रॅम मिळतो. योग्य सूचना देऊन तो चालविला, की तो एका विशिष्ट क्षणाचे जणू छायाचित्र घेतो आणि त्या क्षणी डेटाबेस जसा होता तसा लिहून काढतो. नक्कल होत असताना इतरांचे काम थांबत नाही, पण नंतरचे बदल नकलेत येत नाहीत. मायएसक्यूएलचा हा प्रोग्रॅम जी फाइल तयार करतो, तीत "अमुक तक्ता तयार कर, त्यात अमुक ओळ घाल" अशा साध्या वाचता येण्याजोग्या आज्ञा असतात. त्या आज्ञा रिकाम्या डेटाबेसवर क्रमाने चालविल्या, की मूळ माहिती पुन्हा उभी राहते. अशी एक लहानशी फाइल जरूर उघडून पाहा. पुष्कळ काही शिकावयास मिळेल.

आता ही नक्कल रोज कोणी काढावयाची? माणसाने आठवणीने काढावी, असे ठरविले तर पहिला आठवडा बरा जातो. मग सहामाही परीक्षा येते, स्नेहसंमेलन येते, सर प्रशिक्षणाला जातात. माणसाचा यात दोष नाही. वर्षातून ३६५ वेळा तेच कंटाळवाणे काम बिनचूक करणे हा माणसाचा गुणच नव्हे. २०११ पासून ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळतात. कल्पना चांगली आहे, पण वर्षातून एकदा दात घासून जसे भागत नाही, तसेच हे. (शिवाय आपल्याकडे ३१ मार्चला हिशेबाची वर्षअखेर असते. त्या दिवशी शाळेच्या कचेरीत कोणाला डोके वर काढावयास फुरसत आहे?)

म्हणून हे काम यंत्राकडे सोपवावे. युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींवर 'क्रॉन' नावाचा एक इमानी चाकर असतो. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. दर मिनिटाला तो आपला तक्ता तपासतो आणि वेळ झालेले काम सुरू करून देतो. तक्त्यातील ओळीत आधी पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यांच्यापुढे करावयाची आज्ञा. '३० २ * * *' असे लिहिले, की रोज पहाटे अडीच वाजता काम सुरू होते. फुलीसारखा तारा म्हणजे 'कोणताही'. घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स असेल, तर हा प्रयोग तुम्ही आजच करू शकाल.

येथवर ऐकून पुष्कळ जण समाधान पावतात. काम यंत्राकडे सोपविले, चिंता मिटली! माझा आक्षेप आहे तो नेमका या समाधानाला. माणूस विसरला तर निदान त्याला कधीतरी आठवते आणि तो जीभ चावतो. यंत्र चुकले तर ते रोज, ठरल्या वेळी, अगदी शिस्तीत चुकत राहते.

दोन उदाहरणे घ्या. नकलेच्या फाइलीच्या नावात त्या दिवसाची तारीख यावी, म्हणून आज्ञेत टक्क्याचे चिन्ह वापरावे लागते. हाताने चालवून पाहिले तर सारे ठीक चालते. तीच आज्ञा क्रॉनच्या तक्त्यात लिहिली, की पहिल्या टक्के-चिन्हापाशीच आज्ञा संपली असे क्रॉन समजतो! त्या चिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. दुसरे उदाहरण याहून फसवे आहे. नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमचा मजकूर थेट जीझिप या दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाठविण्याची पद्धत आहे. समजा, डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि पहिला प्रोग्रॅम नापास झाला. जीझिपला मात्र याचा पत्ता नसतो. त्याच्याकडे काहीच आले नाही. ते 'काहीच नाही' तो नीट दाबून बांधतो आणि 'काम फत्ते' असा संकेत देतो. वेगळी सूचना दिलेली नसेल तर संगणक साखळीतील शेवटच्या प्रोग्रॅमचाच निकाल ग्राह्य धरतो. दुसऱ्या दिवशी पाहावे तर फाइल जागेवर आहे, तारीखही बरोबर आहे, आणि तिचा आकार आहे अवघा २० बाइट! रिकामी पेटी, पण कुलूप मात्र पक्के.

हे नवशिक्यांचे घोटाळे आहेत असे कोणी समजू नये. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपले काम ठेवण्याची जगप्रसिद्ध जागा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथे काय झाले ते पाहा. मुख्य डेटाबेसची सतत नक्कल करीत राहणारा एक दुय्यम सर्व्हर मागे पडला होता. तो पुन्हा मार्गावर आणण्यासाठी त्यावरील जुनी माहिती पुसणे आवश्यक होते. रात्री उशिरापर्यंत काम करीत असलेल्या अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली, आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले की आपण दुय्यम नव्हे, मुख्य सर्व्हरवर आहोत. त्याने आज्ञा थांबविली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच शिल्लक होते.

मग शोध सुरू झाला राखीव प्रतींचा. रोज नक्कल काढण्याची योजना होती. पण प्रती जेथे जमा व्हावयाच्या ती जागा रिकामी निघाली. डेटाबेस होता ९.६ या आवृत्तीचा, आणि नक्कल काढणारा प्रोग्रॅम चालत होता ९.२ या जुन्या आवृत्तीचा. तो दर वेळी कुरकुर करून थांबत होता. कुरकुर कळविणारी ई-पत्रेही जात होती. पण त्यांवर आवश्यक ती ओळख-सही नसल्यामुळे पत्र घेणारा सर्व्हर ती परत लोटीत होता. डिस्कची छायाचित्रे घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. एकूण पाच प्रकारची तजवीज, आणि वेळेला त्यांतली एकही भरवशाची ठरली नाही!

वाचविले ते एका योगायोगाने. दुसऱ्याच एका कामासाठी एका अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती. तीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहिले, पण मधल्या तासांतील सुमारे ५००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि सुमारे ७०० नव्या सदस्यांची खाती गेली ती गेलीच. संस्थेने हा सारा प्रकार जगापुढे उघड मांडला आणि त्या एका अभियंत्याच्या माथी खापर फोडले नाही. मला हे फार मोलाचे वाटते. कारण तो दडपून टाकला असता, तर आज आपल्याला त्यातून शिकता आले नसते.

या हकीकतीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सतत नक्कल करणारा दुय्यम सर्व्हर म्हणजे राखीव प्रत नव्हे. मुख्य सर्व्हरवर कोणी निकालाचा तक्ता चुकून पुसला, तर दुय्यम सर्व्हर आज्ञाधारकपणे क्षणार्धात तोही पुसतो. कालची प्रत हवी, गेल्या आठवड्याची हवी आणि काही महिन्यांपूर्वीचीही हवी. जूनमध्ये चुकीची भरलेली जन्मतारीख सप्टेंबरमध्ये उघडकीस आली, तर कालच्या प्रतीत चुकीचीच तारीख सापडणार. म्हणून शेवटच्या ७ दिवसांच्या ७, त्याआधीच्या आठवड्यांच्या ४ आणि महिन्यांच्या १२ अशा २३ प्रती ठेवून बाकीच्या काढून टाकण्याची रीत आहे. इंग्रजीत हिला 'आजोबा, वडील, मुलगा' अशा अर्थाचे नाव आहे. हे काढून टाकण्याचे कामही अर्थात क्रॉनकडेच द्यावे.

"पण आमचे सारे क्लाउडवर आहे," असे काही जण म्हणतात. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे. कोणाची तरी, कोठेतरी विटा-लोखंडाची इमारतच ती. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी एक पाच मजली इमारत १० मार्च २०२१ च्या पहाटे आगीत नष्ट झाली. ज्यांची मूळ माहिती आणि राखीव प्रत दोन्ही तेथेच होती, अशा काही ग्राहकांच्या हाती काहीच उरले नाही. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम येथे आठवावा: माहितीच्या ३ प्रती, २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली १ दुसऱ्या गावी. मात्र ती दुसऱ्या गावची प्रत कोणाच्याही हाती लागेल अशी ठेवू नये. तीत मुलांची नावे, पत्ते, पालकांचे फोन क्रमांक असतात. संकेतस्थळाच्याच उघड्या फोल्डरमध्ये ठेवलेली बॅकअपची फाइल जगातला कोणीही उतरवून घेऊ शकतो. तेव्हा ती सांकेतिक रूपात, पासवर्ड लावूनच ठेवावी.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. संगणकाच्या तासाला आपण मुलांना वेब-पान तयार करावयास शिकवितो, डेटाबेसमध्ये ओळी घालावयास शिकवितो, आणि तेथेच थांबतो. जपणे मात्र कोणी शिकवीत नाही. प्रत्येक सत्रात एक तास 'परत आणण्याच्या' प्रयोगाला द्यावा. रसायनशास्त्राच्या प्रयोगाइतकेच त्याला महत्त्व द्यावे. त्यासाठी शाळेची खरी माहिती वापरू नये. बनावट नावांचा, शे-दोनशे ओळींचा एक डेटाबेस तयार करावा. त्याची नक्कल रोज आपोआप निघू द्यावी. मग एके दिवशी, मुलांना आगाऊ न सांगता, मूळ डेटाबेस पुसून टाकावा आणि म्हणावे, "आता आणा परत!"

त्या दिवशी काय काय घडते ते पाहण्यासारखे असते. फाइल सापडते, पण पासवर्ड कोणाला ठाऊक नसतो. पासवर्ड मिळतो, पण ओळी मोजल्या तर दोनशेऐवजी एकशेसाठच भरतात. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते, कारण नक्कल काढताना लिपीची सूचना चुकली. यांतील प्रत्येक अडचण त्या तासाला सापडली तर गंमत आहे. निकालाच्या आदल्या रात्री सापडली तर नाही.

आणि प्रयोगवहीत दोन आकडे अवश्य लिहावेत. पहिला, किती तासांची माहिती गेली. रोज एकदा नक्कल निघत असेल तर जास्तीत जास्त २४ तासांची आणि सरासरी १२ तासांची जाणार, हे गणित तुम्हांला सहज सुटेल. दुसरा आकडा, परत आणण्यास किती वेळ लागला. तो गणिताने मिळत नाही. घड्याळ लावूनच मोजावा लागतो. गिटलॅबजवळ प्रत होती, जाणकार माणसे होती, तरी ज्या यंत्रावर ती प्रत होती त्याच्या डिस्क मंदगती असल्यामुळे नुसती ती उतरवून घेण्यातच तासन्‌तास गेले, आणि संकेतस्थळ पुन्हा सुरू व्हावयास दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली.